आईची केशरी शाल आणि नॉक्सव्हिलचा शनिवार

शुक्रवार

नॉर्थ कॅरोलायनातलं आमचं कॅरी ते नॉक्सव्हिल एरवी साडेपाच तास. आय-४० धरायचा, डोंगर ओलांडायचे आणि टेनेसीत उतरायचं. पण २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळ आलं आणि राज्याच्या सीमेजवळ पिजन नदीनं या हायवेच्या पूर्वेकडे येणाऱ्या लेनच गिळून टाकल्या, त्यामुळे आम्हाला आधी वर व्हर्जिनियात वायथव्हिलपर्यंत जाऊन मग आय-८१ नं खाली यावं लागलं. वेळ जास्त गेला पण तक्रार नाही, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, झाडं लाल-पिवळी पेटलेली, आई मागच्या सीटवर बसून दर दहा मिनिटांनी "अगंबाई, हे बघ" करत होती.

आई नाशिकहून आमच्याकडे आलीय, दिवाळी करून जाणार. मामेभाऊ नॉक्सव्हिलला राहतो, ओक रिजला नोकरी करतो, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. कोजागिरी खरं तर बुधवारीच होऊन गेली होती, पण अमेरिकेत सगळे सण पंचांग बाजूला ठेवून वीकेंडला होतात हे आता आईनंही मान्य केलंय, तेव्हा शुक्रवारी रात्री दादाच्या गच्चीवर (म्हणजे डेकवर) मसाला दूध, आणि रविवारी परत, असा साधा सरळ बेत होता. दादानं फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, "अलाबामा वीकेंड आहे, गाडीत पेट्रोल ब्रिस्टललाच भरून घ्या." मला वाटलं अलाबामा म्हणजे ट्रॅफिकचा काही प्रकार असेल. तसं बघितलं तर तेही बरोबरच होतं.

ब्रिस्टल हे गाव मजेशीर आहे, तिथल्या मेन रोडच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते, रस्त्यात पितळेच्या पट्ट्या ठोकल्यात, डावीकडची दुकानं एका राज्यात आणि उजवीकडची दुसऱ्यात. आईनं एक पाय व्हर्जिनियात एक टेनेसीत ठेवून फोटो काढला, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, आणि मग आम्ही पेट्रोलला थांबलो. काउंटरवर साठीच्या एक बाई, नखांवर नारंगी-पांढरे चौकोन रंगवलेले. आईच्या खांद्यावर तिची शिर्डीला घेतलेली केशरी शाल होती. बाईंनी शालीकडे बघितलं, दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "गो व्हॉल्स!" आईनं नमस्कार केला. बाईंनी पण नमस्कार केला. कॉफीचे पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या असा रंग घालून आलेल्या पाहुण्यांकडून आज पैसे घेतले तर घरचे मला आत घ्यायचे नाहीत. "उद्या कोणाकडून आहात" हे विचारलं पण नाही, गृहीतच धरलं.

तिथून पुढे नारंगी रंग वाढत गेला. गाड्यांना झेंडे, कुंपणांना झेंडे, एका कुत्र्याला नारंगी रुमाल, शेतातल्या गवताच्या गोल गंजीवर रंगवलेलं टी अक्षर. टेनेसी विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमला व्हॉलंटियर्स म्हणतात, त्याचं व्हॉल्स, आणि शनिवारी त्यांची मॅच होती अलाबामा विद्यापीठाच्या टीमशी, दादाचा 'अलाबामा वीकेंड' तो हा. रंगाची गोष्ट दादानं नंतर सांगितली, कॅम्पसवर 'द हिल' नावाची टेकडी आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात डेझीची फुलं उगवायची, त्यांच्यावरून नारंगी-पांढरा ठरला. स्थानिक लोकांचं म्हणणं वेगळंय, ते म्हणतात देव कोणाचा चाहता आहे ते रोज संध्याकाळी आकाशात दिसतंच की.

दुपारी दादा आम्हाला थेट नदीवर घेऊन गेला. व्हॉल्सचं नेलँड स्टेडियम टेनेसी नदीच्या अगदी काठावर आहे आणि लोक मॅचला चक्क बोटीनं येतात. ही प्रथा १९६२ ची, जॉर्ज मूनी नावाच्या रेडिओ निवेदकाला ट्रॅफिकचा वैताग आला म्हणून तो आपली छोटी बोट घेऊन स्टेडियमपाशी आला, बाकीच्यांनी बघितलं आणि आता त्याचं 'व्हॉल नेव्ही' नावाचं आरमार झालंय. एकाला एक लागून बोटी बांधलेल्या, किनाऱ्याजवळची बोट सगळ्यांची पायवाट, म्हणजे पाचव्या बोटीवरच्या माणसाला पाव आणायला जायचं तर चार जणांच्या दिवाणखान्यातून जावं लागतं. काही लोक गुरुवारपासूनच तिथे मुक्कामाला. एका बोटीवर एक आजोबा खुर्चीत बसून बटाटे सोलत होते, दादानं विचारलं तिकीट कुठलं आहे, तर म्हणाले तिकीट? मी गेली कित्येक वर्षं आत गेलेलोच नाही, आतमध्ये बिचारे लोक दाटीवाटीनं बसतात. मॅच टीव्हीवर बघायची, ओरडणं मात्र खरं ऐकायचं, टीव्हीवर चित्र जरा उशिरा येतं त्यामुळे पॉइंट झाला की नाही ते आवाजावरून आधीच कळतं, त्यावर शेजारच्या बोटीवाल्याशी पैज लावायची. शेजारचा नवीन असेल तर फायदा होतो.

टीप: नदीकाठचा तो रस्ता शुक्रवारी दुपारी चालायला मस्त आहे, शनिवारी तिथे फक्त ढकलले जाता. गे स्ट्रीटचा जुना पूल आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, नदीच्या दक्षिणेला गाडी लावून चालत यायचं तर हेन्ली ब्रिज. आणि कॅम्पसवर 'द रॉक' बघाच, अनेक टनांचा दगड आहे, मुलं त्यावर वर्षभर रंग फासून काहीबाही लिहीत असतात. आम्ही पोचलो तेव्हा अलाबामाबद्दल जे लिहिलं होतं ते आईला समजावून सांगायचं आम्ही टाळलं.

रात्री कोजागिरी. चंद्र पौर्णिमा उलटून गेलेला पण नजरेला पूर्णच, थंडी चांगलीच. दादाच्या शेजारी एक निवृत्त जोडपं राहतं, त्यांच्या दारावर मधोमध शिवलेला झेंडा, अर्धा नारंगी अर्धा गडद लाल. काकू इथल्या, काका अलाबामात टस्कलूसाला शिकलेले. वहिनी म्हणाली हे दोघं वर्षभर हातात हात घालून फिरतात, या एका आठवड्यात मात्र काका गॅरेजमध्ये जेवतात. वहिनीनं दोघांना दुधाला बोलावलं होतं. काकांनी ग्लास हातात घेतला, वास घेतला, खूश झाले, मग डेकवरच्या दिव्याखाली धरून बघितला आणि खाली ठेवला. केशर जरा सढळ हातानं पडलं होतं. म्हणाले, "हे नारंगी आहे. रविवारपर्यंत मी पिऊ शकत नाही." आम्हाला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. काकूंनी शांतपणे स्वतःचा ग्लास संपवला, मग त्यांचा पण संपवला, आणि वर आईला म्हणाल्या अशीच पंचेचाळीस वर्षं काढली.

तेव्हाच तिकिटांचा विषय निघाला. दादाच्या ऑफिसमधल्या एकाकडे दोन सीझन तिकिटं असतात आणि त्याला शनिवारी भाचीच्या लग्नाला जायचं होतं. अलाबामाच्या शनिवारी लग्न! या गावात लग्नाची तारीख काढताना आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघतात, आमच्याकडे गुरुजींना विचारतात तसं, आणि त्या नवऱ्या मुलीचे सासरचे ओहायोचे आहेत म्हणून हे असं झालं अशी अख्ख्या ऑफिसमध्ये हळहळ चालू होती. त्या माणसानं तिकिटं छापील किमतीला दिली (ऑनलाइन त्याच्या कितीतरी पट भाव होता), आणि दादा म्हणाला मी दरवर्षी जातो, आत्या आणि तू जा. आई म्हणाली, "माझं काय काम तिथे." काकू म्हणाल्या, त्या शालीचं काम आहे.

शनिवार

सकाळी साडेसातला निघालो. मॅच साडेतीनला, हे परत एकदा सांगतो, दुपारी साडेतीनला. बाहेर बोचरी थंडी आणि निळंभोर आकाश. स्टेडियमपासून दोन-तीन मैलांपर्यंत ज्याच्याकडे म्हणून हिरवळ आहे त्यानं ती पार्किंगला काढली होती, एका चर्चच्या लॉनवर तर स्वतः पाद्रीबाबा नारंगी जाकीट घालून गाड्या आत घेत होते आणि लाल झेंडेवाली गाडी आली की हसून सांगत होते, तुमचंही स्वागत आहे, पश्चात्तापाला अजून वेळ आहे.

टेलगेटिंग म्हणजे गाडीची डिकी उघडून तिथेच मांडव टाकून खाणंपिणं. ही झाली व्याख्या. प्रत्यक्षात पार्किंग लॉटमध्ये गाव वसतं. दादाच्या ऑफिसच्या लोकांचा मांडव ठरलेल्या जागी, जनरेटर, त्यावर मोठा टीव्ही, सोफा (सोफा!), आणि एक माणूस रात्रभर जागून मांस धुरावर शिजवत बसलेला, डोळे लाल, दाढीत राख, पण चेहऱ्यावर पहिलं मूल झाल्याचा आनंद. अंगात नारंगी-पांढऱ्या चौकड्यांची ओव्हरऑल. असे चौकड्यावाले शेकड्यानं होते, मैदानाच्या दोन्ही टोकांना पण तसेच चौकोन रंगवलेले असतात, १९६४ पासून, एअर्स हॉल नावाच्या जुन्या इमारतीवरच्या विटांच्या नक्षीवरून घेतलेले.

आमचा मांडवातला हातभार म्हणजे वहिनीनं दिवाळीच्या आधीच पाडलेल्या चकल्या. पहिला डबा पंधरा मिनिटांत गेला. एका मुलानं विचारलं याचं नाव काय, सांगितलं, त्यानं तीनदा म्हणून बघितलं, मग पलीकडच्या मांडवात जाऊन त्यांच्याकडच्या पोर्क सँडविचच्या बदल्यात दोन चकल्या विकून आला. आईला सगळ्यात आपलेपणा वाटला तो उकडलेल्या शेंगांमुळे. दक्षिणेत सगळीकडे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात, एका आजीबाईंचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं. आईनं एक शेंग खाल्ली आणि म्हणाली मीठ कमी आहे. दादानं घाबरत घाबरत भाषांतर केलं. आजीबाईंनी चाखून बघितली, मान डोलावली, मूठभर मीठ टाकलं, आणि आईला आपल्या शेजारी खुर्ची दिली. पुढचा तासभर दोघी शेंगा सोलत बसल्या, ही मराठीत बोलतेय ती त्यांच्या त्या लांबवलेल्या इंग्रजीत, अडलं कुठेच नाही.

शाकाहारी लोकांसाठी: मका, बटाट्याचं सॅलड, पिमेंटो चीज, कॉर्नब्रेड बिनधास्त खा. हिरव्या शेंगांची भाजी आणि बीन्स दिसायला साधे असतात पण त्यात बेकन असण्याची दाट शक्यता, विचारून घ्या, कोणी रागावत नाही, उलट तीन जण तुमच्यासाठी काहीतरी शोधायला धावतात. स्टेडियमच्या आत 'पेट्रो' नावाचा प्रकार मिळतो, मक्याच्या चिप्सवर चिली, चीज, टोमॅटो, कांदापात, हा १९८२ च्या नॉक्सव्हिलच्या जागतिक प्रदर्शनात सुरू झाला, प्रदर्शनाचा विषय ऊर्जा होता म्हणून मूळ नाव 'पेट्रोलियम बेली'. बिनमांसाचा पण देतात. त्याच प्रदर्शनासाठी बांधलेला सोनेरी काचेचा गोळा, सनस्फिअर, गावात कुठूनही दिसतो, हरवलात तर तो बघून चाला.

अलाबामावाले पण होते बरं का, लाल शर्ट घालून, मांडवामांडवांतून फिरत. त्यांना जेवायला देतात, पोटभर देतात, आणि प्रत्येक घासाला टोमणा. एका लाल शर्टवाल्याला प्लेट देताना आमचे ओव्हरऑलवाले म्हणाले, "नीट खा, परतीचा प्रवास लांबचा वाटणारे." तो म्हणाला, १५ वर्षं तर छान झोप लागायची गाडीत. २००७ ते २०२१ अलाबामा सलग १५ वेळा जिंकलंय, त्यामुळे मांडवात एकदम शांतता. मग सगळ्यात मोठ्यानं ओव्हरऑलवालेच हसले आणि त्याला अजून एक तुकडा वाढला.

दुपारी खेळाडू रस्त्यानं चालत स्टेडियमकडे जातात, दोन्ही बाजूंना गर्दी, त्यामागून बँड. हा बँड १८६९ सालचा, पुढे मोठमोठे पितळी भोंगे. आईला पुढे उभं राहायला जागा मिळाली कारण शाल बघून लोक आपोआप बाजूला झाले. एक अंगानं दरवाजाएवढा खेळाडू जाता जाता तिच्या हातावर टाळी देऊन गेला. आई म्हणाली, "केवढा तो पोरगा, जेवलाय का विचारायला हवं होतं."

आत जाण्याबद्दल काही गोष्टी, कारण या माहीत नसतील तर गेटवरून परत यावं लागतं. फक्त पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चालते, नाहीतर तळहाताएवढी छोटी पर्स. वहिनीनं आईची औषधं, चष्मा, जपमाळ सगळं झिपच्या पिशवीत भरून दिलं होतं, तपासणाऱ्या पोरीनं जपमाळ उचलून विचारलं हे काय, मी म्हटलं प्रार्थनेची माळ, ती म्हणाली आत घेऊनच जा, आज लागेल. तिकीट फोनवर असतं, ते घरूनच डाउनलोड करून ठेवा कारण लाख लोक जमले की नेटवर्क मान टाकतं. कानात घालायला बोळे न्या, मी थट्टा करत नाहीये. आणि पूर्वेकडच्या बाजूला सीट असेल तर दुपारी ऊन थेट डोळ्यांत येतं.

आमची सीट पूर्वेकडे होती.

वर पोचल्यावर आई कठडा धरून काही वेळ नुसती बघत राहिली. १९२१ साली ३,२०० लोकांसाठी सुरू झालेल्या या मैदानात आता १,०१,९१५ जण बसतात, आणि त्यातले बहुतेक सगळे नारंगी. बँडनं मैदानावर भलंमोठं टी अक्षर उभं केलं, त्याच्या मधून टीम पळत आली, सगळ्यात पुढे स्मोकी. हा खरा कुत्रा आहे, निळसर ठिपक्यांचा शिकारी हाउंड, १९५३ मध्ये स्टेडियममध्येच कुत्र्यांची स्पर्धा ठेवली होती, शेवटच्या कुत्र्याचं नाव पुकारल्यावर तो भुंकला, लोक हसले, ओरडले, तो मान वर करून परत भुंकला, लोक अजून ओरडले, झाली निवड. तेव्हापासून गादी चालू आहे.

आमच्या डावीकडे एक बाई, वय सत्तरीच्या पुढे, लग्नाच्या आधीपासून याच सीटवर बसतात म्हणे. त्यांनी पहिल्यांदा विचारलं आमचे नेहमीचे दोघं कुठे आहेत. लग्नाला गेलेत म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, कोणी वारलंय असं वाटावं.

खेळ आईला समजावायचं टेन्शन होतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार, नाही गेलात तर बॉल समोरच्यांना. ती दहा मिनिटं बघत होती, मग म्हणाली, कबड्डी आहे ही. एकानं आत घुसायचं, बाकीच्यांनी लोळवायचं, फक्त इथे मध्ये उठून गप्पा मारतात आणि कबड्डी, कबड्डी सगळे प्रेक्षक म्हणतात. यापेक्षा चांगलं मला जमलं नसतं. आवाज मात्र तिनं बरोबर पकडला, आपल्या टीमकडे बॉल असताना सगळे चिडीचूप आणि समोरच्यांकडे असताना छातीत घुमेल असा गोंगाट, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकूच जाऊ नये. अलाबामाची पोरं गोंधळून आधीच हलायची, दंड व्हायचा, आई खूश.

पण पॉइंट होईनात. हाफटाइमला अलाबामा ७, टेनेसी शून्य. लोक गप्प गप्प पेट्रो खात होते. तिसरा क्वार्टर सुरू झाला तेव्हा ऊन अगदी समोर, आईनं शाल डोक्यावरून पदरासारखी घेतली, आणि थोड्याच वेळात टेनेसीचा पहिला टचडाउन झाला, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला. सगळा स्टँड उभा, बँडनं 'रॉकी टॉप' सुरू केलं (१९६७ मध्ये इथून जवळच गॅटलिनबर्गला लिहिलेलं गाणं, १९८२ पासून राज्याच्या अधिकृत गाण्यांपैकी एक, त्या दिवशी किती वेळा ऐकलं ते मोजणं अशक्य), शेजारच्या बाई आईला मिठी मारतायत, आणि आईनं गरम होतंय म्हणून शाल खाली घेतली. अलाबामानं लगेच पॉइंट केले.

शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. अतिशय नम्रपणे विचारलं, तुमच्या आईंना ते परत डोक्यावर घ्यायला सांगाल का.

घेतली. टचडाउन. आता ही बातमी मागच्या ओळीत गेली, तिथून वर गेली. पुढच्या वेळी आईनं नुसता चष्मा पुसायला हात वर केला तरी सात-आठ जण एकदम "नो मॅम, नो मॅम" ओरडले. एक जण जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला, की उकडून तिनं ती काढू नये. चौथ्या क्वार्टरमध्ये अलाबामा १७-१४ नं पुढे होतं, सूर्य स्टँडच्या मागे गेला, गारवा आला, आणि आता आईला खरंच शाल हवी होती त्यामुळे दोन्ही बाजूंची सोय झाली. मग टेनेसीच्या ब्रॅझेलनं पकडलेला तो पास, २१-१७, नंतर किकचे तीन, २४-१७, आणि शेवटी अलाबामाचा पास टेनेसीच्याच पोरानं हवेतून उचलला. टेनेसीच्या डिलन सॅम्पसननं दोन टचडाउन केले होते पण आमच्या ओळीत श्रेय वाटताना त्याचा नंबर दुसरा लागला.

पुढचं टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही. लोकांनी कठड्यांवरून मैदानात उड्या मारल्या. २०२२ मध्ये हेच झालं होतं, ५२-४९, शेवटच्या सेकंदाची किक, लोकांनी गोलपोस्ट उपटून खांद्यावरून मिरवत नेऊन नदीत टाकले होते, शेजारच्या बाई ते सांगताना डोळे पुसत होत्या. यंदा त्यांनी पर्समधून (पारदर्शक) एक सिगार काढला. मग बघितलं तर सगळीकडे सिगार. या मॅचला जिंकणाऱ्यांनी सिगार ओढायचा ही पद्धत, सुरू केली ती अलाबामाच्या ट्रेनरनं, १९६१ मध्ये, जिम गूस्ट्री त्याचं नाव, आणि तो स्वतः शिकलेला टेनेसीत. बाईंनी आईला पण एक दिला. आईनं तो जपमाळेच्या पिशवीत ठेवला.

उतरताना जिन्यावर प्रचंड गर्दी, आईचे गुडघे दुखायला लागलेले. पुढच्या लाल शर्टातल्या एका धिप्पाड गृहस्थांनी काही न बोलता आपला दंड पुढे केला, आईनं धरला, आणि ते एकेक पायरी थांबत खालपर्यंत घेऊन आले. वाटेत नारंगीवाले त्यांना चिडवत होते, पण आई सोबत असल्यामुळे जरा हात राखून. खाली आल्यावर ते म्हणाले, मॅम, मॅचमध्ये दिवसभरातली हीच एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली.

टीप: मॅच संपल्यावर गाडी काढायची घाई करू नका, दोन तास हलत नाही. परत मांडवात जा, उरलेलं जेवण तेव्हाच खरं चांगलं लागतं. आणि भेटायची जागा सकाळीच ठरवून ठेवा, फोन लागत नाहीत.

रविवार

गाव उशिरा उठलं. सगळ्यांचे घसे बसलेले, नाश्त्याच्या जागी वेट्रेस खुणेनं ऑर्डर घेत होती, बिस्किट्स अँड ग्रेव्हीला एक हात, पॅनकेकला दोन. शेजारचे काका सकाळी नारंगी एप्रन बांधून पुढच्या अंगणातली पानं गोळा करताना दिसले, पैज हरल्याची शिक्षा. काकू पायरीवर कॉफी घेऊन बसून बारकाईनं देखरेख करत होत्या, कोपऱ्यातली राहिली, ती बघ. येणारीजाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवत होती. काका न बघता हात हलवत होते.

सनस्फिअरवर जायचं, क्रूझ फार्मचं आइस्क्रीम खायचं असं बरंच ठरलं होतं, त्यातलं आइस्क्रीम तेवढं झालं. कारण दुपारी तो लग्नाला गेलेला सहकारी बायकोसकट दादाकडे आला, हातात लग्नाच्या केकचा डबा. तिकडची हकिकत अशी, की रिसेप्शनला मुलीच्या बापानं शेवटी हार मानून हॉलमध्ये टीव्ही लावला, ओहायोचे व्याही हतबुद्ध, चौथ्या क्वार्टरला नवरानवरीचा पहिला डान्स होता तो पुढे ढकलला, आणि शेवटचा पास अडवल्यावर जो जल्लोष झाला तो व्हिडिओवाल्यानं लग्नाच्या व्हिडिओत वापरायचं ठरवलंय.

पण त्याचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. त्याला मॅच आमच्या सीटवरून कशी दिसली ते ऐकायचं होतं. मी सुरुवात केली तर आईनं मला थांबवलं. तिनं टेबलावर चकल्या मांडल्या, हे अलाबामा, समोर शेंगा, हे आपले, मीठदाणी म्हणजे तो दरवाजाएवढा पोरगा, आणि पहिल्या क्वार्टरपासून मराठीत सांगायला लागली. दादा भाषांतर करत होता पण थोड्या वेळानं त्याची गरज लागेना, तो माणूस स्वतःच शेंगा सरकवत विचारत होता, इथे? की इथे? आई म्हणाली नाही, जरा डावीकडे, आणि हा मेला मध्येच आडवा आला.

चारला निघणार होतो. चार वाजता तिसरा क्वार्टर चालू होता आणि वहिनी तिसऱ्यांदा चहा टाकत होती.